तुम्ही विचारलंत म्हणून : वहीत नाव कसं येतं?

"बाई, आमच्या पोराचं नाव तुमच्या वहीत यायला त्याने काय करायला हवं?"

लोकांनी मला हा प्रश्न हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावात विचारलाय, दापोलीच्या एसटी स्टँडवर विचारलाय, आणि शिमग्यात पालखी खळ्यात टेकलेली असताना ओटी भरता भरताही विचारलाय. तिथे उभ्या उभ्या नीट उत्तर देता येत नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाले. पण ही वही मी जिथे शिकले त्या हायस्कुलाची. दापोली तालुक्यात, समुद्राच्या कडेला आमचं गाव. शाळेच्या माजी विद्यार्थी संघाची मी बारा वर्षं चिटणीस आहे. शाळेतून बाहेर पडलेली मुलं पुढे कुठे गेली, काय करतात, ते आम्ही लिहून ठेवतो. सुरुवातीला एक वही होती, आता सात आहेत, पण गावात सगळे ‘वही’च म्हणतात.

संघ निघाला तेव्हा मनात होता तो फलक. शाळेच्या हॉलमध्ये काळ्या लाकडी फळीवर पिवळ्या रंगात दर वर्षीच्या दहावीत पहिल्या आलेल्याचं नाव आहे. त्याच्या शेजारी दुसरा फलक लावायचा, पुढे नाव कमावलेल्यांचा, असं ठरत होतं. पहिली बैठक मुंबईत झाली, दादरला, रविवारी सकाळी. चाकरमानी बहुतेक तिथेच, म्हणून. डॉक्टर किती, इंजिनिअर किती, मंत्रालयात कोण, परदेशात कोण, अशी नावं निघत होती. मागच्या बाकावर बेस्टमधून निवृत्त झालेले एक कंडक्टर बसले होते. ते उठून म्हणाले, "मी तीस वर्षं तिकिटं फाडली. ह्यात माझं काही धरायचं असेल तर सांगा, नाहीतर मी चहाचं बघतो."

कुणी काही बोललं नाही. ते खरोखरच चहाचं बघायला गेले. मग एकाने सांगितलं की परळला गावाची खोली होती, ती हे काका वीस वर्षं सांभाळत होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणातल्या कित्येक गावांनी मुंबईत अशा खोल्या घेतल्या होत्या. गावातून नवा मुलगा आला की ट्रंक तिथे ठेवायची, वळकटी टाकायला जागा मिळायची, पाळीपाळीने झोपायचं. कुणाला गिरणीत चिकटवायचं, कुणाला रात्रशाळेत घालायचं, घरी मनीऑर्डर गेली की नाही ते बघायचं, हे सगळं खोलीच्या कारभाऱ्याकडे. त्या दिवशी बैठकीत ज्यांची नावं फलकासाठी निघाली होती त्यांतल्या चौघांनी पहिली रात्र काकांच्या खोलीत काढली होती.

फलकाचं तिथेच बारगळलं. फलकाला निवड करावी लागते, आणि निवड करायला आम्ही कोण, हा प्रश्न त्या चहाबरोबर सगळ्यांनी गिळला होता.

मग आम्ही मुख्याध्यापकांची परवानगी काढून शाळेचं जनरल रजिस्टर उघडलं. पहिल्या पानापासून नावं उतरवून घेतली. नाव, वाडी, शाळेत आल्याचं आणि सोडल्याचं वर्ष, एवढंच. जात, जन्मतारीख काही घेतलं नाही, ते आमचं काम नव्हे. नावं उतरवताना रजिस्टरातल्या एका रकान्याने मला धरून ठेवलं : ‘शाळा सोडण्याचे कारण’. त्यात तीन-चार ठरावीक शेरे. ‘पुढील शिक्षणासाठी.’ ‘पालकांच्या विनंतीवरून.’ आणि पानापानावर, शाईच्या एकाच वळणात, ‘सतत गैरहजर’. माझ्या वर्गाच्या पानावर हे दोन शब्द अकरा वेळा आहेत. वर्गात आम्ही ५२ होतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे की काही करावं लागत नाही. नाव आहेच. त्याच्यापुढची ओळ कोरी आहे, कारण पुढचं आम्हाला कळलेलं नाही.

ते कळवून घेणं हेच खरं काम. माझे वडील पोस्टमन होते. मनीऑर्डर द्यायला गेले की कूपनावरच्या चार ओळी म्हाताऱ्या आयांना तेच वाचून दाखवायचे, त्यामुळे कोण कुठल्या कारखान्यात, कुणाची नोकरी सुटली, कुणाला मुलगा झाला, हे त्यांना तोंडपाठ असायचं. बाहेर कधी बोलले नाहीत. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपात बंद पडल्या तेव्हा कुठल्या वाडीतल्या मनीऑर्डरी थांबल्या तेही त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. आता मनीऑर्डर नाही, फोन आहेत, पण फोनवर माणूस ‘मजेत’ एवढंच सांगतो. त्यापुढचं विचारायला त्याच्या पडवीत बसावं लागतं. गणपतीत आणि शिमग्यात मी तेच करते.

मुलींच्या बाबतीत तर शोधच लागत नाही. रजिस्टरात ती वडिलांच्या नावाने आणि आडनावाने. लग्न झालं की आडनाव गेलं, मधलं नाव गेलं, आमच्याकडे पूर्वी पुष्कळदा पहिलं नावही जायचं. आईवडील गेले, भावाने घराला कुलूप लावलं, की तिच्यापर्यंत पोचायचा रस्ताच संपला. माझ्याच वर्गातली एक मैत्रीण मला २९ वर्षांनी सापडली, ती रत्नागिरीत, सिव्हिल हॉस्पिटलात परिचारिका म्हणून. मी तिथे दोनदा जाऊन आले होते, तिच्या नावाची पट्टीही वाचली असेन. म्हणून वहीत मुलीचं माहेरचं नाव आधी, सासरचं खाली. तिने कुठलंही लावलं तरी सापडली पाहिजे.

माझ्या हातून एक चूक झाली आहे, तीही सांगितली पाहिजे. स्नेहमेळाव्यात मी नव्या नोंदी वाचून दाखवत होते. एका मुलीबद्दल कळलं होतं की ती डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बातमी तिच्या चुलत्याची होती. मी माईकवर वाचलं, टाळ्या झाल्या. समोर पहिल्या रांगेत तिची आई बसली होती, तिने टाळी वाजवली नाही. मुलीने दुसऱ्याच वर्षी शिक्षण सोडलं होतं, आजारपणामुळे, आणि घराने ते गावाला सांगितलं नव्हतं. मी रात्री त्यांच्या घरी गेले. आईने चहा दिला, रागावली नाही, पण पुढची दोन वर्षं ती शाळेकडे फिरकली नाही. त्या दिवसापासून नियम आहे : ज्याची नोंद त्याने होकार दिल्याशिवाय ओळ लिहायची नाही. बातमी काकाची असो, आमदाराची असो. आणि मेळाव्यात मोठ्याने वाचणं बंद. वही टेबलावर असते, ज्याला बघायची तो बघतो.

ती मुलगी नंतर स्वतःहून आली. तिच्या ओळीत काय लिहिलंय ते मी इथे सांगणार नाही.

तुम्हाला वाटेल की मोठी नावं मला नकोच आहेत. तसं नाही. आमच्या दापोली तालुक्याचा मला फार अभिमान आहे. मुर्डीचे रँग्लर परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. महामहोपाध्याय काणे आणि साने गुरुजी दापोलीच्या मिशन हायस्कुलात शिकले. पण त्यातही बघा. पालगडचे साने गुरुजी घरच्या गरिबीमुळे दापोलीची शाळा अर्धी टाकून औंधला गेले. दापोलीपुरतं बघाल तर ते शाळा सोडून गेलेले विद्यार्थीच. मुरूडचे अण्णा, म्हणजे महर्षी कर्वे, १७ व्या वर्षी परीक्षेसाठी पावसापाण्यातून घाट चढून साताऱ्याला चालत गेले आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. तेच अण्णा पुढे मुंबईत राहून गावासाठी मुरूड फंड गोळा करत होते. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी, गोदूबाईंशी, पुनर्विवाह केला तेव्हा त्याच मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. भारतरत्न मिळालं १९५८ मध्ये. मधली ६५ वर्षं. १८९३ च्या साली मुरूडच्या शाळेचा संघ असता आणि मी त्याची चिटणीस असते, तर कर्व्यांपुढे काय लिहिलं असतं, हे मी स्वतःला विचारलेलं आहे. मला जे उत्तर यावंसं वाटतं ते येईलच अशी खात्री देता येत नाही. म्हणून मी वहीत ‘यश’ असा रकानाच ठेवला नाही. ‘सध्या काय करतो/करते’ एवढाच आहे.

निकालाचं तर बोलायलाच नको. कोकणचं स्वतंत्र मंडळ २०१२ साली झालं आणि तेव्हापासून दहावी-बारावीच्या टक्केवारीत आपला विभाग राज्यात पुढे. चांगलंच आहे. मुलं अभ्यास करतात, शिक्षक राबतात. पण निकालाचे पेढे वाटून झाले की त्या मुलांचं काय झालं, हे टक्केवारीला विचारता येत नाही. यंदा आमच्या शाळेच्या दहावीत १७ मुलं आहेत. सतराच्या सतरा पास होतील. त्यांतली गावात किती राहतील ते मला आत्ताच मोजता येतं.

वही कशासाठी, हे मला पुरतं कळलं ते ३ जून २०२० नंतर. निसर्ग वादळ रायगडात श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं, आणि आमच्या दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यालाही त्याने झोडपून काढलं. नारळी-पोफळी आडव्या, आजोबांनी लावलेली कलमं मुळासकट उलटी, शाळेच्या तीन वर्गांचे पत्रे समोरच्या शेतात. वीज गेली, टॉवर बंद, वर लॉकडाऊन. मुंबईत आमची मुलं घरी फोन लावून लावून वेडी झाली. तेव्हा वहीतून वाडीवार याद्या काढल्या, कुठल्या घरात मागे एकटे म्हातारे आहेत त्यांवर खुणा केल्या. तीन पोरं याद्या घेऊन घरोघर गेली. संध्याकाळी एकजण मोटारसायकलने खेडच्या रस्त्याला रेंज मिळेल तिथवर जायचा आणि तिथून एकेकाला कळवायचा : आई बरी आहे, पडवी पडली आहे, गाय वाचली. चार दिवसांत १४० घरं झाली. शाळेचे पत्रे चढवले ते वहीतल्याच एका वेल्डरने, खांब उभे करायला आलेल्या टोळीत दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला वायरमन आमचाच होता, दहावी नापास. परदेशातल्यांनी पैसे पाठवले, भरपूर पाठवले, तेही लिहिलेलं आहे.

गेल्या महिन्यात परत तोच प्रश्न. बंदरावर, टोपली सावरत, एका आईने विचारलं. तिच्या मुलाचं नाव मी वहीत काढलं. रजिस्टरातला शेरा ‘सतत गैरहजर’, इयत्ता नववी. मी त्याला भेटायला जेट्टीजवळच्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. पार दाभोळकडचे लोकही त्याला बोलावतात. हात काळे होते म्हणून त्याने वहीला हात लावला नाही, मलाच वाचायला सांगितलं. शेरा ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला.

"बाई, त्या वर्षी बाबांचा हात पट्ट्यात गेला होता. मी त्यांच्या जागी खलाशी म्हणून बोटीवर होतो. तेवढं लिहाल?"

मी तिथेच, शेडमधल्या डिझेलच्या पिंपावर वही ठेवून लिहिलं. आधी ते वर्ष, मग इंजिनं.