नाकाखाली अडणारा वस्तरा

वस्तरा गालावरून लोण्यासारखा फिरतो आणि नाकाखाली आला की ओढतो. ही तक्रार ऐकली की पहिलं बघायचं ते पात्याचं टोक. गालावर पात्याचा मधला भाग चालतो, नाकाखाली मात्र टोकाकडची बोटभर धारच कामाला येते. मधे धार आहे आणि टोकाला नाही, याचा अर्थ वस्तरा अर्धाच पाजवला गेलाय.

मे महिन्यातल्या एका दुपारी माझ्याकडे धार लावायला आलेलं प्रकरण नेमकं हेच होतं. आयुष्यभर सोलापुरात सलून चालवलेले एक मामा धोकटी घेऊन आले. गिऱ्हाइकासाठी आता सगळीकडे अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा असतो आणि तेच योग्य आहे. हा जुना अखंड पात्याचा वस्तरा त्यांनी फक्त स्वतःच्या दाढीसाठी ठेवलेला. जर्मनीतल्या सोलिंगेनचा, दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेला. सोबत एक दगड, वर पिवळसर, खाली निळसर-जांभळा.

"मालक, दगड मेला बघा," मामा म्हणाले. "तासतास घासतोय, नाकाखाली रडवतोच."

दगड बघून मी सावरून बसलो. बेल्जियममधल्या आर्देन डोंगराळ भागातला कोटिक्युल होता तो. ही पिवळी शीर निळ्या दगडाला निसर्गतःच चिकटून असते. पिवळ्या थरात गार्नेटचे, म्हणजे गोमेदाच्या जातीतल्या खनिजाचे कण ठासून भरलेले असतात, साधारण ५ ते १५ मायक्रॉनचे. या कणांना बरेच चपटे पैलू असतात. त्यामुळे ते पोलादात खोल रुतत नाहीत, उथळ खरवडतात, आणि कातडीला सोसेल अशी मऊ धार येते. आपल्या सोलापूरच्या काळ्या पाषाणाचं जातं होतं, पाटा-वरवंटा होतो, पण वस्तऱ्याचा शेवटचा निसणा होत नाही. त्याला असा बारीक, एकसारखा कण लागतो.

दगड मेला नव्हता. मामांनी त्यावर वर्षानुवर्षं खोबरेल वापरलेलं, त्याची काळी साय बसली होती. हा दगड तेल पीत नाही, त्यामुळे भांड्याच्या साबणाने आणि कोमट पाण्याने ती निघाली. मधे सुमारे एक मिलिमीटर खड्डा होता. पेन्सिलीने चौकटी आखल्या, जाड काचेवर २२० नंबरचा पाणकागद ओला करून ठेवला आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड घासला. कडा किंचित गोल केल्या. टोकदार कड राहिली तर पात्याला ओरखडा पडतो.

मग वस्तरा. ट्यूबलाइटखाली धार वर करून सोनाराच्या भिंगातून पाहिली. चांगली धार दिसत नाही, बोथट धार चमकते. टाचेपासून, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या शेवटापासून, मधेपर्यंत काही दिसेना, टोकाकडच्या दोन सेंटिमीटरवर मात्र केसासारखी पांढरी रेघ. खात्रीसाठी धारेच्या उतारावर मार्करची शाई लावली आणि एक हजार नंबरच्या जाडसर दगडावर दोन हात मारले. सगळीकडची शाई गेली, टोकाकडे ऐन धारेलगत तशीच राहिली. तिथे दोन्ही बाजूंचे उतार एकमेकांना भेटतच नव्हते.

चूक हाताच्या सवयीतली होती. दगड जेमतेम चार सेंटिमीटर रुंद, पातं साडेसातचं. म्हणून हात तिरका चालवावा लागतो. टाच दगडावर ठेवून सुरुवात करायची, धार पुढे, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या, आणि पुढे ढकलता ढकलता पातं आडवं सरकवत टोकावर संपवायचं. परतताना पाठीवर उलटायचं, धारेवर कधीच नाही. मामांचा हात टोक दगडावर यायच्या आतच वळायचा. त्यात या पात्याचं टोक जरा वर चढलेलं. अशा पात्याला शेवटच्या टप्प्यात मूठ किंचित उचलावी लागते. शेवटच्या दगडावर वर्षभर घासलं तरी ही उणीव भरून येत नाही, कारण तो दगड उतार घडवत नाही, घडलेल्याला फक्त आवरतो.

जुनी खोटी धार आधी मोडली. काचेच्या ग्लासच्या तळावरून वजन न देता धार एकदा ओढली, बस. आता जिथे केस कापला जाईल तिथली धार नवीनच असणार, फसवणूक नाही. एक हजारच्या दगडावर एकेका बाजूला २० छोटे हात, मग १० तिरके. अशा तीन फेऱ्यांनी मधला भाग हातावरचे केस कातडीलगत कापू लागला, टोकाला पाच लागल्या. तो कापेपर्यंत पुढे जायचं नाही. इथे घाई केलेली पुढे कुठेच भरून काढता येत नाही.

त्यानंतर कोटिक्युल. सोबतच्या लहान तुकड्याने घासून दुधासारखा गाळ काढला. या गाळातले सुटे कण काम भराभर करतात. पण तेच कण धारेला समोरून धडकतात, म्हणून दाट गाळात धार एका मर्यादेपुढे जात नाही. उपाय ठरलेला आहे: २५ हात, दोन थेंब पाणी, पुन्हा २५ हात, पुन्हा दोन थेंब. असं दहा-बारा वेळा गाळ पातळ करत न्यायचा आणि शेवट स्वच्छ पाण्यावर करायचा. मधल्या नंबरांचे दगड त्यामुळे लागत नाहीत.

बारा वेळा पाणी घातलं, दगड नळाखाली धुतला, स्वच्छ पाण्यावर ५० हलके हात मारले. हातावर फिरवला तर केस वाकले, कापले गेले नाहीत. एक हजारच्या दगडानंतर कापणारी धार शेवटच्या दगडानंतर कापेना! भिंगात उतार शेवटपर्यंत नीट भेटलेले दिसत होते, टोकालाही. म्हणजे उतारात खोट नव्हती.

पुन्हा गाळ काढून सुरुवात केली आणि या वेळी पात्यापेक्षा दगडाकडे जास्त पाहिलं. पातं पुढे जाताना पाण्याची लाट धारेपुढे चालली पाहिजे, जरा चढून पात्यावरही आली पाहिजे. इथे दहा-पंधरा हातांत ती लाटच नाहीशी झाली. गाळ कडेने सुकून राखाडी पापुद्रा धरत होता आणि हाताखालचा मऊ आवाज खरखरीत झाला होता.

पंखा! डोक्यावर पंखा पूर्ण वेगात, बाहेर चाळिशीपार ऊन, हवा कोरडी ठणठणीत. दगड धुऊन पुसला, दोन थेंब पसरले आणि घड्याळ लावलं. मिनिटभरात ते सुकले. २५ हातांना साधारण तेवढाच वेळ लागतो. मी घालत होतो तेवढं पाणी पंखा उडवून नेत होता. पातळ होतोय असं धरून चाललेला गाळ तेवढाच दाट राहिला, आणि दाटावरून थेट स्वच्छ पाण्यावर उडी पडली. स्वच्छ पाण्यावर हा दगड फार हळू कापतो. गाळाने बोथटलेली धार तिथे पन्नास हातांत परत येत नाही, दोनशेतही नाही.

"मग मी घरी पंख्याखालीच बसतो की," मामा म्हणाले.

काम दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला घेतलं. पंखा बंद, दगडाखाली ओलं फडकं. पाणी आरओ फिल्टरचं, कारण बोअरचं जड पाणी सुकलं की दगडावर आणि पात्यावर पांढरे डाग ठेवतं. उतार नव्याने करायची गरज नव्हती. ताकाच्या निवळीएवढा पातळ गाळ काढून सुरुवात केली. थेंब मोजले नाहीत, लाट बघितली. लाट आखूड झाली की पाणी. नवव्यांदा पाणी घातल्यावर गाळ जवळजवळ दिसेनासा झाला, मग स्वच्छ पाणी आणि ६० हात, पात्याच्या स्वतःच्या वजनावर. पाणी आता पात्याखालून सरकत नव्हतं, धारेवरून सरळ वर चढत होतं. हे दिसलं की मला भिंग लागत नाही.

पातं पुसून पट्ट्यावर घेतलं, पाठ पुढे: कापडावर ३०, चामड्यावर ६०. धुतलेला एक केस बोटात धरून त्याचा मोकळा भाग धारेला टेकवला, टाचेला, मधे, टोकाला. तिन्ही जागी तुटून पडला.

मामांनी तिथेच आरशासमोर फेस केला. गाल घेतले नाहीत, पहिला हात नाकाखाली. वरून खाली एक, कडेने दुसरा. मग तिथे बोट फिरवून बघितलं आणि उरलेली दाढी न बोलता उरकली. वस्तरा कोरडा करून शिलाई मशीनच्या तेलाचं बोट लावून दिला, दगडासोबत लहान तुकडाही कापडात बांधला. जाताना त्यांनी हात तीनदा करून दाखवला, टाचेपासून निघून टोक दगडावरून पूर्ण सरकेपर्यंत, शेवटी मूठ जराशी वर.