ठिपक्यांच्या मधली जागा

शाळेत मराठीच्या प्रश्नपत्रिकेत 'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' असा एक प्रश्न हमखास असे. लाकूडतोड्या, नदी, कुऱ्हाड पडणे, देवी प्रकट होणे असे आडव्या रेघांनी जोडलेले शब्द समोर असत आणि गुण मिळत ते त्या रेघांच्या जागी आपण काय भरले याचे. आता कामाचे टिपण लिहिताना मी नेमका उलटा उद्योग करतो. सलग विचार मोडून त्याचे मुद्दे पाडतो, प्रत्येकापुढे काळा ठिपका ठेवतो आणि पान नीटनेटके दिसू लागले की विचारही नीटनेटका झाला असे समजतो.

यादीशी माझे वैर नाही. कृतीच्या पायऱ्या किंवा अर्जाला जोडायची कागदपत्रे परिच्छेदात कोंबणे हा वाचकाचा छळच आहे. क्रम महत्त्वाचा असेल तर आकडे द्यावेत, नसेल तर ठिपके पुरतात. आणि सगळ्या मुद्द्यांची घडण एकसारखी असावी: पहिला मुद्दा 'झाकण उघडा' असा असेल, तर दुसरा 'पाण्याची पातळी' असा असू नये.

अडचण येते ती कारणे सांगताना, कारण ठिपका सर्वांत आधी गिळतो ती 'म्हणून', 'पण', 'तरीसुद्धा' ही अव्यये. 'खर्च वाढला' आणि 'माणसे कमी झाली' हे एकाखाली एक लिहिले, की कशामुळे काय झाले हे वाचकाने ठरवायचे; बहुधा लिहिणाऱ्यानेही ते ठरवलेले नसते.

२००३ मध्ये नासाचे कोलंबिया यान अवकाशात असताना, उड्डाणाच्या वेळी त्याच्या डाव्या पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याविषयी अभियंत्यांनी तयार केलेली एक स्लाइड मला अशा वेळी आठवते. तिचे शीर्षक धीर देणारे होते, आणि ज्या चाचण्यांच्या आधारे तो धीर दिला होता त्यांतला तुकडा ३ घनइंचांचा, तर प्रत्यक्षातला अंदाजे १९२० घनइंचांचा, ही माहिती मात्र मुद्द्यांच्या उतरंडीत अगदी तळाशी होती. सहाशे चाळीस पटींचा हा फरक! चाचण्यांवर विसंबता येणार नाही, हा त्यातून निघणारा निष्कर्ष शीर्षकापर्यंत चढलाच नाही. परतीच्या वाटेवर यान नष्ट होऊन सात अंतराळवीर गेले. अपघात ठिपक्यांनी घडवला असे कोणी म्हणणार नाही, परंतु चौकशी मंडळाच्या अहवालाने त्या स्लाइडच्या मांडणीची दखल घेतली.

हल्ली टिपण पाठवण्यापूर्वी मी दोन मुद्द्यांच्या मध्ये एखादे 'म्हणून' किंवा 'पण' घालून ते मोठ्याने वाचतो. सात मुद्द्यांच्या एका टिपणावर हा प्रयोग केला, तेव्हा चार मुद्द्यांचे मिळून एकच वाक्य झाले, दोन एकमेकांच्या विरुद्ध निघाले, आणि उरलेला एक का लिहिला होता, हे मलाच आठवेना.