तुम्ही विचारलंत म्हणून: सरळ टॅबलेटच का नाही घेतला?

माझा जुना नूक कलर, म्हणजे बार्न्स अँड नोबल कंपनीचा ई-रीडर, ज्याचा मी टॅबलेट केला, तो टेबलावर दिसला की हा प्रश्न येतोच. “एवढी खटपट करण्यापेक्षा सरळ टॅबलेटच का नाही घेतला?” ज्यांनी स्वतःचा ई-रीडर माझ्याकडून टॅबलेट करून नेला, त्यांनीसुद्धा विचारलाय. म्हणून एकदाच नीट सांगते.

पैसे हे कारण होतंच. २०१० साली नूक कलर २४९ डॉलरला आला आणि त्याच वर्षीचा पहिला आयपॅड ४९९ डॉलरपासून पुढे होता. पण तेवढंच असतं तर मी थांबून पैसे साठवले असते. पुस्तकं वाचायला म्हणून विकलेल्या त्या सात इंची यंत्रात आतून अँड्रॉइडच चालत होतं. ८०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, रंगीत टच स्क्रीन, सगळं हजर, फक्त कुलूपबंद. विकत घेतलेल्या घराच्या एका खोलीची किल्ली विकणाऱ्याने स्वतःकडे ठेवावी, हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

शिवाय कुलूप तोडायची गरजच नव्हती. नूक कलर सुरू होताना आधी मायक्रोएसडी कार्ड बघतो, तिथे काही नसेल तरच आतल्या मेमरीकडे वळतो. सायनोजेनमॉड ७, म्हणजे हौशी प्रोग्रामरांनी बनवलेली अँड्रॉइडची मोकळी आवृत्ती, कार्डावर उतरवलं, कार्ड खोचलं, की झाला टॅबलेट. कार्ड काढलं की पुन्हा पहिल्यासारखा रीडर. आतल्या एका अक्षरालाही धक्का नाही.

मी इथे थांबायला हवं होतं.

कार्डावरून सगळं अडखळत चालायचं. टाइप केलेलं अक्षर उमटायला क्षणभर लागायचा. म्हणून एका रात्री ठरवलं, आतल्या मेमरीतच बसवून टाकू. त्याआधी जुना डेटा पुसावा लागतो. रिकव्हरीच्या, म्हणजे यंत्र पुसायला-दुरुस्त करायला असलेल्या वेगळ्या प्रोग्रामच्या, मेनूत त्यासाठी एक पान येतं: ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’ अशी ओळीने रांग आणि मधे एकच ‘हो’. चुकून बोट पडू नये म्हणून तशी मांडणी. व्हॉल्यूमचं बटण दाबत मी एकेक ‘नाही’ ओलांडत खाली गेले, ‘हो’वर थांबले आणि खालचं ‘एन’ बटण दाबलं. म्हणजे चुकून नव्हे. सात-आठदा नको म्हणून सांगितल्यावर, जाणूनबुजून.

धाकट्या बहिणीच्या कादंबरीचा पहिला खर्डा त्यात होता. चार महिने रोज रात्री वाचून मी त्यावर टिपा केल्या होत्या. खर्डा तिच्याकडे होता, टिपा फक्त माझ्या नूकमध्ये. बाहेरून टाकलेल्या फाइलवरच्या खुणा दुसरीकडे कुठेच साठत नव्हत्या, आणि हे मला माहीत होतं. तरी कॉपी करून ठेवलं नाही, कारण रात्रीचे दोन वाजले होते आणि मला टॅबलेट आत्ताच्या आत्ता हवा होता.

“परत वाचते,” मी तिला म्हटलं. ती म्हणाली, “वाचशील गं ताई. पण पहिल्यांदा वाचताना कुठे अडलीस, ते आता कसं कळणार?”

मला उत्तर सुचलं नाही.

बरं, टॅबलेट तरी पुरता झाला का? ब्राउझर, मेल, पीडीएफ उत्तम. कॅमेरा नव्हता, मायक्रोफोन नव्हता. ब्लूटूथ वायफायच्या चिपमध्येच दडलेलं होतं, सायनोजेनमॉडने ते जागंही केलं, पण त्याला अँटेनाच नसल्यामुळे कीबोर्ड अगदी चिकटवून ठेवावा लागे. तरीही मी त्यावर दोन वर्षं रोज काम केलं, हे विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. २०११च्या एप्रिलमध्ये कंपनीने स्वतःच अपडेटमधून थोडी अ‍ॅप्स दिली, तेव्हा “बघ, थांबली असतीस तर?” असं ऐकावं लागलं. थोडी अ‍ॅप्स म्हणजे अख्खी किल्ली नव्हे.

ई-इंकवाल्या, म्हणजे कागदासारख्या काळ्या-पांढऱ्या पडद्याच्या, रीडरचं मात्र कोणी विचारलं तर मी नकोच म्हणते. होतं सगळं, पण स्क्रोल करताना आधीच्या पानाची सावली मागे राहते, जीव मेटाकुटीला येतो.

त्या रात्रीच्या मला आज काय सांगेन? कॉपी काढ, एवढंच. करू नकोस, असं म्हणवत नाही. बहिणीला हे पटत नाही. तिचा दुसरा खर्डा आला तो छापील, स्पायरल बाइंडिंग केलेला, सोबत एक पेन्सिल.