लालबागेतल्या फुलांच्या जत्रा

बंगळूरच्या लालबागेत वर्षातून दोनदा पुष्पप्रदर्शन भरतं, २६ जानेवारीच्या आणि १५ ऑगस्टच्या सुमाराला. राज्याचं उद्यान खातं आणि म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटी मिळून ते भरवतात. १८८९ साली पायाभरणी झालेल्या काचघरात शिरलं की फुलांआधी ओल्या मातीचा दमट वास येतो. २०१७च्या जानेवारीत तिथे फुलांचा गोलघुमट उभा होता, २०२२च्या ऑगस्टमध्ये राजकुमार आणि पुनीत हे कन्नड सिनेमातले नट बापलेक.

असा देखावा म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर हिरव्या फोमच्या विटा आणि त्यांत खोचलेले गुलाब. वीट पाण्यात दाबून बुडवायची नाही, आपणहून बुडू द्यायची. दाबली की बाहेरून ओली आणि आत कोरडी राहते, मग तेवढ्याच भागातले गुलाब दुसऱ्या दिवशी माना टाकतात. वाळलेली वीट पुन्हा धड पाणी पीत नाही. चांगली भिजली तरी प्रदर्शनाचे दहा-बारा दिवस गुलाब टिकत नाहीत. मध्ये फुलं बदलावीच लागतात.

गर्दी देखाव्यापाशी, पण दर्दी माणूस कुंड्यांपाशी रेंगाळतो. जानेवारीतली शेवंती जून-जुलैतच छाटकलमांनी सुरू झालेली असते. रोप चार-पाच इंचांचं झालं की शेंडा खुडायचा. फुटवे आले की मोठ्या फुलासाठी फांदीवर एकच कळी ठेवून बाकीच्या काढायच्या. एवढं करूनही एखादी कुंडी हिरवीगार आणि बिनकळ्यांची राहते. दोष खताचा नसतो, गॅलरीत रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा असतो. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड काळोखी रात्र लागते.

तारखेवरून असं मागे मोजत जाण्याची शिस्त गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञांनी अख्ख्या शहराला लावली. ड्रेस्डेनजवळ १८६५ साली जन्म, मग लंडनची क्यू बाग, १८९३ पासून सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात नोकरी, आणि १९०८ मध्ये लालबाग. (बडोदेकरांनी हा माणूस सोडायला नको होता, असं आपलं आम्हाला वाटतं.) रस्त्याकडेला झाडं निवडताना एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, हा त्यांचा हिशेब. जानेवारीच्या आसपास गुलाबी टॅबेबुया, मग पिवळा, मार्चमध्ये जॅकरांडा, एप्रिल-मेमध्ये गुलमोहर. १९३२ मध्ये ते निवृत्त झाले आणि सूत्रं एच. सी. जवरय्यांकडे गेली. १९५६ मध्ये क्रुम्बिगेल बंगळुरातच वारले. लालबागेजवळच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे.

ऑगस्टचं प्रदर्शन मात्र जरा हट्टी. हवा ओली, ऊन कमी, पाकळ्यांवर तपकिरी ठिपके पडून बुरशी चढते. म्हणून तेव्हा झारी फुलांवर धरायची नाही. सकाळी लवकर, मुळाशी पाणी, आणि दोन कुंड्यांत वारा खेळेल एवढी जागा. मांडणी थोडी विरळ दिसते खरी.