ध्रुव 19 अंशांवर: ट्रॅकरची नोंद तिसरी

घेतला एकदाचा ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या फोटोंसाठी कॅमेरा आकाशाच्या गतीने फिरवणारं छोटं यंत्र. त्याचा अक्ष ध्रुवबिंदूवर, म्हणजे आकाश ज्याभोवती फिरताना दिसतं त्या बिंदूवर, रोखावा लागतो. माझा आहे स्काय-वॉचरचा स्टार अ‍ॅडव्हेंचरर 2आय. हार्मोनिक ड्राइव्हवाल्या, म्हणजे हलक्या पण ताकदवान गिअरच्या, माऊंटवर (दुर्बीण-कॅमेरा फिरवणाऱ्या बैठकीवर) खूप दिवस जीव अडकला होता. झेडडब्ल्यूओचा एएम3 जेमतेम 4 किलोचा आणि काउंटरवेटशिवाय (तोलाच्या वजनाशिवाय) 8 किलो पेलतो. पण त्या जातीच्या माऊंटला गायडिंग, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून चूक सुधारत राहणं, लागतंच. म्हणजे गाइड कॅमेरा आला, छोटा कंप्युटर आला, बॅटरी आली, आणि मी जातो मोटारसायकलवर. शिवाय किंमत! ट्रॅकर चार पेन्सिल सेलवर चालतो आणि माझ्या 135 मिमी लेन्सला पुरून उरतो. निवड खरं तर तिथेच संपली होती.

पहिली रात्र वेल्ह्याच्या बाजूला काढली आणि वाया घालवली. दोन चुका झाल्या, दोन्ही माझ्या.

पहिली जागेची. आपण पुणेकर अंधार शोधत दक्षिणेकडे पळतो. वेल्ह्याहून पुणं ईशान्येला, त्यामुळे शहराचा उजेड ध्रुवाच्या अंगालाच पसरतो. त्यात आपल्याकडे ध्रुव जेमतेम 18-19 अंश वर. त्या उंचीवर डोक्यावरच्या तिप्पट हवेतून बघावं लागतं, म्हणजे धूळ, धूर सगळंच तिप्पट. पोलर स्कोपमध्ये (ट्रॅकरच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीत) ध्रुवतारा दिसतोय की भास होतोय, हेच कळेना.

दुसरी चूक आळसाची. शेवटी सापडला तसा ध्रुवतारा मधल्या फुलीवर आणला आणि कामाला लागलो. पण ध्रुवतारा म्हणजे ध्रुवबिंदू नव्हे, तो सुमारे 40 कला बाजूला आहे (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा म्हणजे विकला). एवढ्या चुकीने तारे मिनिटाला 10 विकलांपर्यंत सरकतात. माझ्या कॅमेऱ्याचा पिक्सेल 3.7 मायक्रॉनचा, म्हणजे 135 मिमीला साडेपाच विकलांच्या आसपास. दोन मिनिटांच्या फ्रेममध्ये चार पिक्सेल. घरी येऊन मोजलं तर कोपऱ्यातले तारे बरोब्बर तेवढेच लांबलेले! गणित जुळल्याचा आनंद झाला, फोटो मात्र गेले. तेच ध्रुवताऱ्याला वेळेप्रमाणे स्कोपमधल्या वर्तुळावर त्याच्या जागी बसवलं आणि चूक 5 कलांवर आणली, तर दोन मिनिटांत फार तर अर्धं पिक्सेल सरकतं. गायडिंगविना एवढं चालतं.

दुसऱ्या रात्री उलट दिशेला, जुन्नरकडे. आता पुणं पाठीशी, उत्तर काळी. शेतात बसायचा विचार मित्राच्या मामांनी हाणून पाडला. ऊस उभा आहे, बिबट्या फिरतो, गच्चीवर बसा म्हणाले. गच्चीवर पाण्याची टाकी ध्रुवासमोर असेल या धास्तीने वर गेलो, तर वास्तुशास्त्राच्या कृपेने टाकी नैऋत्येला! (येताना खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या तबकड्या दिसल्या. त्या अल्ट-अझिमथ माऊंटवर, म्हणजे नुसत्या वर-खाली आणि आडव्या, फिरतात, त्यांना ध्रुव शोधायची कटकट नाही. हेवा वाटला.)

आपल्या अक्षांशाची खरी अडचण पुढे येते. अक्ष जवळजवळ आडवा असल्याने कॅमेरा आणि काउंटरवेट दोन्ही उत्तरेला लोंबतात. ट्रायपॉड कलंडू नये म्हणून एक पाय उत्तरेला हवा, आणि नेमका त्याच पायावर काउंटरवेटचा दांडा आदळतो. भोसरीतल्या लेथवाल्याकडून 20 सेंमीचा अॅल्युमिनियमचा खांब करून घेतला, दोन्ही टोकांना 3/8 इंची आटे. ट्रायपॉड आणि वेज (ट्रॅकर तिरका धरणारी बैठक) यांच्यामध्ये तो बसवला, अडचण संपली. "कशाला लागतंय हे?" म्हणून त्याने विचारलं. खरं सांगितलं, तर पैसे कमी घेतले.

क्रमही आता पक्का झालाय. आधी लेव्हल, मग कॅमेरा चढवून तोल (पूर्वेची बाजू किंचित जड, म्हणजे दाते एकमेकांना टेकून राहतात), मग फोकस, आणि ध्रुव सगळ्यात शेवटी. आधी ध्रुव लावून मग लेन्स चढवली की सगळं हलतं. डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, म्हणून शर्मिष्ठेवरून अंदाज घ्यायचा. एक सुख मात्र आपल्यालाच: पोलर स्कोप जवळपास आडवा, त्यामुळे गुडघे टेकून मान वाकडी करावी लागत नाही.

अकराला मृगावर लावला. 120 सेकंदांच्या 60 फ्रेम ठरवल्या होत्या, 52 झाल्या. एकच्या सुमारास लेन्सवर दव बसलं. खाली कांद्याला पाणी सोडलेलं, वर उघडी लेन्स, दुसरं काय होणार? 52 पैकी 47 ठेवल्या, कोपऱ्यापर्यंत तारे गोल. मृगातल्या तेजोमेघाचा गाभा जळलाय (जास्त उजेडाने पांढराफटक), त्यासाठी 10 सेकंदांच्या फ्रेम घ्यायला विसरलो.

पुढच्या अमावस्येला तीच गच्ची. हीटरची पट्टी मागवली आहे, आणि मामांनी त्या रात्री कांद्याचं पाणी बंद ठेवायचं कबूल केलंय, वीज रात्रीची नसेल तर.