तेवीस उत्तर, शहात्तर पूर्व : इंदूर ते उज्जैन

देवासच्या वायव्येला, उज्जैनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपासच्या शेतांत, २३ अंश उत्तर अक्षवृत्त आणि ७६ अंश पूर्व रेखावृत्त एकमेकांना छेदतात. पूर्ण अंशांचे असे छेदबिंदू गाठायचे, तिथून चारही दिशांची छायाचित्रे घ्यायची आणि पाहिलेले लिहून ठेवायचे, असा एक उपक्रम १९९६ पासून जगभर चालू आहे. इंदूरच्या माणसाला सर्वांत जवळचा छेदबिंदू हाच. नाताळच्या सुट्टीत मी आणि माझी भाची तो गाठायला निघालो, तेव्हा आमचा बेत केवळ तेवढ्यापुरता नव्हता. उज्जैनला फ्रीगंजमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, आपल्या अंगणात एक डबा लपवून ठेवला होता, आणि त्याचा नेमका पत्ता वाटेतल्या मोजमापांतून आम्हीच काढायचा होता.

अक्षांश-रेखांशांवरून लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि तो होता तसाच परत ठेवायचा, हा जिओकॅशिंगचा गाभा. अमेरिकेने नागरी जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० च्या आरंभी काढून टाकली. तोवर शंभर मीटरांपर्यंत भरकटणारे यंत्र त्यानंतर दहा-वीस मीटरांच्या आत आणून सोडू लागले, आणि ३ मे रोजी ऑरेगन राज्यात पहिला डबा ठेवला गेला. मला हा छंद मनापासून प्रिय आहे. परंतु गजबजलेल्या बाजारात किंवा देवळाच्या आवारात बेवारस डबा ठेवणे मला योग्य वाटत नाही. लोक घाबरतात, आणि त्यांचे घाबरणे रास्तच असते. म्हणून आमच्या कुटुंबातले डबे ओळखीच्या अंगणांतच लपतात, आणि शोधाचा खरा पल्ला आम्ही त्या डब्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर पसरून ठेवतो.

सकाळी पोहे खाऊन आम्ही ए. बी. रोडने निघालो. मांगलिया मागे पडले, क्षिप्रा गावाजवळ नदीचा पूल ओलांडला आणि चामुंडा टेकडी दिसू लागली. देवास हे पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातींचे गाव, एकाच शहरात दोन संस्थाने नांदलेली. तिथे एरवी थांबावे असे बरेच आहे, पण दुपारच्या सूर्याची वेळ गाठायची असल्यामुळे आम्ही थेट उज्जैनच्या रस्त्याला लागलो.

गाडी रस्त्याच्या कडेला लावून आम्ही बांधावरून चालू लागलो तेव्हा एका शेतकऱ्याने हाक मारून विचारले, "कई ढूँढी रिया हो?" भाचीने त्यांना फोनवरचे आकडे दाखवले आणि पृथ्वीवर आखलेल्या दोन रेषा त्यांच्याच गव्हाच्या बाजूला मिळतात, हे माळवीमिश्रित हिंदीत समजावून सांगितले. त्यांनी परवानगी तर दिलीच, शिवाय ओलित नुकतेच झाले असल्याने कोणत्या सरीतून जाऊ नये, हेही दाखवले. दुसऱ्याच्या शेतात पाऊल टाकण्यापूर्वी विचारणे ही या छंदांची पहिली अट आहे, आणि विचारल्यावर नकार मिळाला तर लांबूनच छायाचित्र घेऊन परतावे, असे माझे ठाम मत आहे. उपक्रमाच्या नियमानुसार बिंदूच्या शंभर मीटरांच्या आत पोहोचले तरी भेट पूर्ण धरली जाते, त्यामुळे पीक तुडवण्याचे काही कारणच उरत नाही.

मोकळ्या आभाळाखाली फोन तीन ते पाच मीटरांपर्यंत जागा सांगतो. दशांशातला पाचवा आकडा साधारण एक मीटरचा असतो, म्हणून तो सतत हलत राहतो. चौथा आकडा शून्यावर स्थिरावला की थांबावे. आम्ही बांधावर थांबलो आणि चार दिशांची छायाचित्रे घेतली. होकायंत्राने पाहिले तर चामुंडा टेकडी आग्नेयेला होती. माळव्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहूनही कमी असल्यामुळे त्या मोजणीत वजाबाकी करण्याची गरज पडत नाही.

या जागेचे मला सर्वाधिक आकर्षण होते ते वेगळ्याच कारणाने. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या अंशपत्रकांपैकी, म्हणजे एकेका अंशाचा चौकोन दाखवणाऱ्या नकाशांपैकी, इंदूर ४६ एन मध्ये येते, उज्जैन ४६ एम मध्ये आणि देवास ५५ बी मध्ये. ही तीन पत्रके आणि चौथे ५५ ए, अशा चौघांचे कोपरे बरोबर याच छेदबिंदूवर जुळतात. मात्र जुन्या पत्रकांवरचा कोपरा आणि फोनवरचा बिंदू जमिनीवर एकच नाहीत. जुने नकाशे सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे त्याने मानलेल्या पृथ्वीच्या किंचित चपट्या आकृतीवर, आधारलेले आहेत, आणि त्या गणिताचे मूळ ठाणे सिरोंजजवळच्या कल्याणपूरला, म्हणजे मध्य प्रदेशातच आहे. उपग्रह मात्र डब्ल्यूजीएस ८४ ही वेगळी आकृती मानतात. दोन्हींची सांगड घातली की जुना कोपरा फोनच्या बिंदूपासून वायव्येकडे शंभर-सव्वाशे मीटरांवर जातो. शेतकऱ्यांच्या संमतीने आम्ही बांधाबांधाने तिथपर्यंतही गेलो. एकाच आकड्यांच्या दोन जागांमध्ये उभे पीक पाहताना भाचीने विचारले, "आत्या, मग खरा बिंदू कोणता?" मी तिला सांगितले की दोन्ही खरे, फक्त प्रत्येकाने पृथ्वीचा आकार वेगळा धरला आहे. छंदांची सांगड घालण्याचा लाभ मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो, कारण केवळ फोन घेऊन आलेल्याला हा दुसरा कोपरा कधीच भेटत नाही.

त्यानंतर सावलीचे काम होते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटे लागतात, म्हणून ७६ अंशांवर मध्यान्ह २६ मिनिटे उशिरा होते. एरवी यात कालसमीकरणाची, म्हणजे सूर्य घड्याळाच्या किती पुढे-मागे आहे त्या फरकाची, दुरुस्ती करावी लागते, पण नाताळच्या सुमारास ती जवळजवळ शून्य असते. १२ वाजून २६ मिनिटांनी, ओळंब्याने सरळ उभ्या केलेल्या एक मीटरच्या काठीची सावली आम्ही मोजली. ती १०५ सेंटीमीटर भरली. दादाच्या कोड्यात हाच आकडा डब्याच्या अक्षांशातील मिनिटांनंतरचे तीन दशांश होता, तर रेखांशाचे तीन दशांश ४६ आणि ५५ या पत्रकक्रमांकांच्या बेरजेतून, म्हणजे १०१, असे यायचे होते. ही रचना विचारपूर्वक केलेली होती, कारण सावली मोजताना एका सेंटीमीटरची चूक झाली तर अंगणात शोधणारा पावणेदोन-दोन मीटरच सरकतो.

जिओहॅशिंगचाही विचार आम्ही केला होता. एका व्यंगचित्रकाराने २००८ मध्ये मांडलेल्या या खेळात तारीख आणि अमेरिकी शेअरबाजाराचा आकडा यांवरून प्रत्येक अंशचौकोनात रोज एक नवा बिंदू निघतो. त्या दिवशीचा आमच्या चौकोनातला बिंदू फार लांब पडल्याने तो सोडून दिला. कोणीही न निवडलेल्या जागी नेणारा हा छंद वेगळा दिवस मागतो, ठरवलेल्या प्रवासात तो नीट बसत नाही.

उज्जैनला पोहोचल्यावर आधी क्षिप्रेकाठची वेधशाळा पाहिली. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात ती उभारली आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला, गो. स. आपटे हे त्यानंतरचे तिचे पहिले अधीक्षक. प्राचीन सिद्धान्तग्रंथांनी शून्य रेखावृत्त याच नगरीतून नेले होते. सम्राट यंत्राची, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळाची, तिरपी भिंत उज्जैनच्या अक्षांशाइतकाच, सुमारे २३ अंश १० मिनिटांचा कोन जमिनीशी करते. शेतातल्या बिंदूवरचा मध्यान्ह इथे जेमतेम एका मिनिटाने उशिरा येतो, हे भाचीने मनातच गणित करून सांगितले, आणि यंत्रावरची सावली घड्याळाशी ताडून पाहिली तेव्हा अपेक्षित २७ मिनिटांचाच फरक दिसला.

फ्रीगंजला दादाच्या घरी अंगणात शिरताच फोनचे आकडे डळमळू लागले, कारण भिंतींवर आपटून येणारे संकेत यंत्राला फसवतात. अशा ठिकाणी आकड्यांमागे न धावता, लपवणाऱ्याने कोणती जागा निवडली असेल, याचा विचार करावा लागतो. भाचीने जास्वंदीच्या कुंडीमागची सैल वीट ओळखली. आतल्या छोट्या स्टीलच्या डब्यात वही होती. तिच्यात तिने नाव आणि तारीख लिहिली, सावलीची लांबी आणि दोन्ही बिंदूंमधले अंतर नोंदवले, आणि पुढचा डबा इंदूरला आपण लपवणार असल्याचे दादाला सांगून टाकले. जून महिन्यात महिदपूरजवळच्या डोंगल्याला, कर्कवृत्तावर, काठीची सावली नाहीशी होते त्या दुपारचा आकडा त्या कोड्यात घ्यायचा, एवढे सांवेरमार्गे परतताना आमचे ठरलेही.