वर्षभर दारू सोडलीय, आता काउन्सेलर होऊ का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि तुम्ही एकटे नाही, आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात फॉलोअपला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक हेच विचारतात. "सर, वर्ष झालं, थेंबाला शिवलो नाही, आता मला पण तुमच्यासारखं काउन्सेलर व्हायचंय."

होता येतं की. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी सुरू केलं, तिथे पेशंट म्हणून आलेली कितीतरी माणसं पुढे तिथेच कामाला लागली. सरकारी अनुदानावरच्या केंद्रांतही आता पिअर एज्युकेटर म्हणून पद असतं, व्यसनातून बाहेर पडलेल्यांसाठीच.

अशी माणसं का लागतात ते नवीन ॲडमिशनजवळ बसलं की कळतं. हात इतके थरथरत असतात की कपातला चहा बशीत, बशीतला लेंग्यावर, आणि तरी साहेब डॉक्टरांना सांगतात, क्वार्टरच घेतो, ती पण रोज नाही. मग आमच्यातला कोणीतरी शेजारी टेकतो आणि सहज विचारतो, "सकाळची कुठे लपवायचास? मी फ्लशच्या टाकीत ठेवायचो." तो हसतो, म्हणतो, "स्कूटरच्या डिकीत." झालं, सकाळी उठल्या उठल्या लागते हे कळलं, आणि डॉक्टरांना औषध ठरवायला तेच हवं असतं.

पण इथेच गडबड होते. आपली स्टोरी हीच डिग्री असं वाटायला लागतं. ट्रेनिंगमध्ये आम्ही रोल प्ले घेतो, एकजण पेशंट, एकजण काउन्सेलर. बहुतेक नवीन मंडळी दुसऱ्या मिनिटाला "माझं पण असंच होतं" वर येतात आणि मग गाडी थांबतच नाही, बार, उधारी, सासऱ्याशी भांडण, सगळं. मध्येच थांबवून विचारायचं, समोरच्याला मुलं किती? माहीत नसतं. विचारलेलंच नसतं. खरं सांगायचं तर ट्रेनिंगचा निम्मा वेळ तोंड बंद ठेवायला शिकण्यात जातो.

बाकीचं पण आहेच. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, तेव्हा आपला अनुभव बाजूला ठेवून डॉक्टरांना हाक मारायची. जिवाचं बरंवाईट करायचं कोणी बोललं तर ते 'आपल्यातच ठेवू' चालत नाही. आणि "मी तर गोळ्यांशिवाय सोडली" हे वाक्य पूर्ण बंद! काहींना दारूबरोबर डिप्रेशन असतं, स्किझोफ्रेनिया असतो, त्यांनी तुमचं ऐकून गोळ्या सोडल्या तर निस्तरणार कोण? उलट स्वतः रोज गोळ्या घेऊन, आजार सांभाळून दुसऱ्यांना आधार देणारे लोक आहेत, गुजरातच्या सरकारी मनोरुग्णालयांत क्वालिटीराइट्स नावाच्या, मानसिक रुग्णांच्या हक्कांवरच्या प्रकल्पात अशांना ट्रेनिंग देऊन कामाला घेतलं होतं. पूर्ण बरं व्हायची अट कशाला घालायची?

एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमधले (दारू सोडलेल्यांच्या आधार-गटातले) लोक म्हणतील, आम्ही हे फुकट करतोच की. करता, आणि ते करत राहा. पण स्पॉन्सर, म्हणजे नव्याला सांभाळणारा एएचा जुना मेंबर वेगळा आणि काउन्सेलर वेगळा. काउन्सेलरला नोंदी ठेवायच्या असतात, वरिष्ठांना उत्तर द्यायचं असतं, पेशंटला पैसे उसने देता येत नाहीत, आणि दिवसभर दारूच्याच गोष्टी ऐकून स्वतःला तलफ आली तर ती लपवता येत नाही. स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलात, तर त्याच दिवशी सांगायचं, काम थांबवायचं, आधी स्वतःचे उपचार. हा नियम नसेल तिथे जाऊच नका.

पगाराचं कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो, कमी असतो. रात्रपाळी आपल्यालाच, शिवीगाळ आवरायला आपणच, आणि पगारपत्रकात नाव मात्र शेवटी, कारण डिग्री नाही. मला हे पटत नाही, मी स्टाफ मीटिंगमध्ये बोलतो पण. तुम्ही आलात तर तुम्हीही बोला. तोवर एएच्या मीटिंगा चुकवू नका, जुनी नोकरी सोडू नका, आणि रविवारी सकाळी फॅमिली मीटिंगच्या खुर्च्या लावायला या.